नरसप्पाचं नाव घेऊन खासदारांच्या मागे

माझ्याबरोबर नोकरीत असलेल्या दोघीजणी निवृत्तीनंतर युरोप बघून आल्या. आल्या त्या दिवसापासून त्यांचं तोंड बंद नाही. तिथले रस्ते, तिथलं चीज, तिथली गार हवा! मी एकसष्टाव्या वर्षी प्रवासाला निघाले ती कुर्डुवाडीच्या पुढं गेले नाही, आणि चार दिवसांत बघितलं काय, तर आमचे खासदार. तेही बहुतेक वेळा पाठीमागून. पण ज्या कामासाठी मी हिंडले त्या कामाला माझ्या ओळखीतलं दुसरं कुणी गेलेलं नाही. नळासाठी, बदलीसाठी, दाखल्यासाठी लोक खासदाराकडं जातात. जगात ऊन वाढलंय म्हणून कोण जातं? आम्ही गेलो. कुणाला पुढंमागं जायचं असेल तर काय करू नये एवढं तरी कळावं म्हणून लिहून ठेवते.

आम्ही म्हणजे मी आणि शेजारची अंबूबाई. मी महापालिकेच्या शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवला. माहेर बार्शीचं, पण घर सोलापूरच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत. इथं घराघरांत तेलुगू बोलतात आणि माझ्यासाठी मराठीवर येतात. अंबूबाई अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या आणि चादरींच्या कडा शिवते. तिचा नवरा नरसप्पा त्याच शेडमध्ये मागावर होता. पत्र्याची शेड. पंखा लावला की तंतू उडतो, धागा तुटतो, म्हणून पंखे बंद, खिडक्याही बंद. गेल्या एप्रिलात दुपारी तीनच्या सुमाराला तो मागाला धरून हळूच खाली बसला. पलीकडच्या खोलीतून अंबूबाई धावत येईपर्यंत त्याचं बोलणं थांबलं होतं. डॉक्टरांनी दाखल्यावर हृदयविकार लिहिलं. आता त्याच मागांवर तिचा मुलगा व्यंकटेश उभा राहतो.

दसरा झाला आणि पेपरात बातमी आली. परदेशात सगळ्या देशांची मिळून हवामानाची मोठी परिषद भरणार, आणि आपल्याकडून जे जाणार आहेत त्यांच्यात आमचे खासदार. मी सहज अंबूबाईला वाचून दाखवली.

"तितं काय करत्यात?" तिनं विचारलं.

"बसून बोलतात. ऊन का वाढतंय, कोण मरतंय, काय करायचं."

"मेलेल्यांची नावं घेत्यात?"

मी म्हणाले, माहीत नाही. ती टॉवेलचे दोरे तोडत बसली होती, मान वर न करता म्हणाली, "आपल्या सायबांनी यांचं नाव घ्यावं की एकदा. दाखल्यावर तर ऊन म्हणून लिवलंच न्हाय. तितं तरी उन्हानं गेले म्हणू देत. मग हितं शेडमदी दुपारचे माग बंद ठेवा म्हणून कोण तरी सांगंल. व्यंकटेशला उन्हाळा सोसायचा न्हाय, अक्का. बापासारखंच अंग हाय त्याचं."

तिचं एवढंच मागणं होतं. एक नाव आणि दुपारचे चार तास.

निवेदन मी लिहिलं. एक पान, स्वच्छ अक्षरात. घटना नेमकी कुठं घडली ते लिहायचंच, हा आग्रह माझा. शेडचा नंबर, शेठचं नाव, वेळ, सगळं. अंबूबाई म्हणाली, "शेटचं नाव कशाला?" मी म्हणाले, "अगं, नकाशात गाव दाखवायला सांगितल्यावर नुसतं महाराष्ट्रावर बोट ठेवून चालतं का?" बाईंना जास्त कळतं असं तिला वाटतं. मलाही वाटायचं.

सोमवार : कार्यालय

खासदारांच्या कार्यालयात आम्ही साडेनऊला पोचलो. बाहेर चपलांचा ढीग, आत प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर साहेबांचे फोटो. हसरे, गंभीर, फेटा बांधलेले, नांगर धरलेले. दोन तासांनी पीएनं बोलावलं. पोरसवदा, दोन फोन, एक कानाला आणि एक हातात.

"बोला मावशी, रस्ता का ड्रेनेज?"

"जगाचं तापमान," मी म्हणाले.

त्यानं कानाचा फोन खाली घेतला. "कुठल्या वॉर्डातलं?"

मी समजावून सांगायला लागले. परिषद, शिष्टमंडळ, नरसप्पा. तो ऐकत होता, हे कबूल केलं पाहिजे. मग त्यानं समोरचं रजिस्टर माझ्याकडं फिरवलं. उभ्या रेघा मारून रकाने केले होते : रस्ता, पाणी, बदली, दवाखाना, दाखले, इतर. "यातलं सांगा मॅडम, कशात टाकू? दवाखाना टाकू का? माणूस गेलाय म्हणताय."

"गेलेल्या माणसाला दवाखाना काय करणार?"

"मग इतर," म्हणाला, आणि नरसप्पा 'इतर'मध्ये गेला. त्याच्या वर कुणाचा तरी बंदुकीचा परवाना होता आणि खाली मंगल कार्यालयाच्या भोंग्याची तक्रार.

साहेब भेटणार नव्हते. ते उद्या चिंचोळीला एका कारखान्याच्या उद्घाटनाला येणार होते. "तिथं या, गेटवर गाठ घालून देतो," पीए म्हणाला. आम्हाला ते खरं वाटलं. बाहेर येऊन अंबूबाईनं चप्पल शोधली तर एकच मिळाली. अनवाणी एक पाय टाकत ती रिक्षापर्यंत आली आणि म्हणाली, "उद्या जुनी घालून येते."

मंगळवार : चिंचोळी

चिंचोळी एमआयडीसी पुण्याच्या रस्त्याला. एसटीनं फाट्यावर उतरलो आणि तिथून चालत. ऑक्टोबर महिना, पण ऊन कसलं म्हणता! डांबर चपलेला चिकटत होतं. अंबूबाईनं पदर डोक्यावरून ओढून दातात धरला होता. मी छत्री घेतली होती, तिला म्हटलं ये आत, तर म्हणाली, "मला सवय हाय." सवय नरसप्पालाही होती.

गेटवरच्या माणसानं आत सोडलं नाही. यादीत नाव नाही. पीएचा फोन लागेना. समोर एक लिंबाचं झाड होतं, त्याच्या सावलीला जाऊन बसलो. तिथं आधीच एक म्हातारे बसले होते, खांद्यावर घोंगडं, हातात काठी. नाव म्हाळाप्पा, मंगळवेढ्याकडचे, मेंढरंवाले. मुलगा याच कारखान्यात लागावा म्हणून साहेबांना भेटायला आले होते. आम्ही डबा उघडला, त्यांनी फडकं सोडलं. आमची कडक भाकरी आणि शेंगांची चटणी, त्यांची बाजरीची भाकरी आणि कांदा. त्यांनी कडक भाकरीचा तुकडा मोडून बघितला आणि म्हणाले, "ही तर पापडावानी हाय की. आमच्या मेंढरामागं हिंडताना ही बरी, खराब व्हायची न्हाय."

मग विचारलं, तुम्ही कशापायी? मी सांगितलं.

"ऊन सायबाच्या हातात हाय व्हय?"

"नाही. पण जिथं जाणार आहेत तिथं सांगता येईल."

"सांगू द्या की मग. माजी बारा मेंढरं गेली औंदा उन्हानं. त्येंचंबी सांगा म्हणावं." हसले नाहीत ते, खरंच म्हणत होते. "मी गेल्या साली भेटलोय या सायबाला. चारा न्हाय, पानी न्हाय म्हनलं. त्यांनी माज्या खांद्यावर हात ठिवला. फोटू हाय." बंडीच्या खिशातून त्यांनी प्लास्टिकमध्ये घातलेला फोटो काढला. साहेब, म्हाळाप्पा आणि खांद्यावरचा हात.

"मग झालं का काम?" अंबूबाईनं विचारलं.

"न्हाय. पर फोटू लई चांगला आलाय."

आम्ही तिघंही हसलो. त्या चार दिवसांतलं एवढंच काय ते मोकळं हसू.

दोन वाजता गाड्या आल्या. काळ्या काचा. अंबूबाई उठून रस्त्याच्या कडेला गेली आणि हात जोडून उभी राहिली. मधल्या गाडीतून काचेमागं दोन हात जोडल्यासारखे दिसले, आणि गेट बंद झालं. तासाभरानं त्याच गाड्या त्याच वेगानं परत गेल्या. म्हाळाप्पा म्हणाले, "आज न्हाय," आणि घोंगडं झटकून चालायला लागले.

पीए मात्र मागच्या गाडीतून उतरला, गेटशी आम्हाला बघून थबकला. लाज वाटली असावी. म्हणाला, "मॅडम, खरं सांगू का? नुसतं निवेदन घेऊन आलं की साहेबांपर्यंत पोचत नाही हो. उद्या कुर्डुवाडीला मेळावा आहे. तुम्ही सत्कार ठेवा. चादर आणा, नारळ आणा. सत्काराच्या यादीत नाव लावतो, थेट स्टेजवर. हातात हात. काय बोलायचं ते बोला."

कुर्डुवाडी आमच्या खासदारांच्या मतदारसंघातसुद्धा येत नाही. आपल्या खासदाराला भेटायला दुसऱ्याच्या मतदारसंघात जायचं! पण स्टेज म्हटल्यावर आम्ही भुललो.

बुधवार : कुर्डुवाडी

चादर अंबूबाईच्या ट्रंकेतच होती. शेठ दरवर्षी दिवाळीला कामगारांना एकेक चादर देतात. गेल्या वर्षी नरसप्पानं आपल्याच मागावरची निवडून घेतली होती. लाल, काळ्या नक्षीची. अंबूबाईनं तिच्या कडा शिवल्या, आणि लाल दोरा संपला म्हणून एका कोपऱ्यात निळा घातला. "आपल्याच घरात ऱ्हाणार, कोण बघतंय," असं तेव्हा म्हणाली होती म्हणे.

"ही कशाला देतेस? बाजारातून आणू," मी म्हटलं.

"त्यांच्या हातची हाय. त्यांच्यासाठीच चाललोय न्हवं?"

आता माझी हुशारी ऐका. स्टेजवर कागद हातात दिला की शेजारचा माणूस तो घेतो आणि कुठं तरी ठेवून देतो, हे मी पुष्कळ कार्यक्रमांत बघितलंय. म्हणून मी निवेदन चादरीच्या आतल्या घडीत ठेवलं आणि सेफ्टी पिन लावली. घरी जाऊन साहेब चादर उघडतील, पिन दिसेल, कागद दिसेल, निवांत वाचतील. मला माझंच कौतुक वाटलं. पुऱ्या वाटेत, गाडीत खिडकीशी बसून मी तेच चित्र बघत होते.

कुर्डुवाडीचं स्टेशन मला आवडलं. जंक्शन असूनही घाई नाही. रेल्वेच्या वर्कशॉपला जाणारी माणसं सायकलवरून डबे लटकवून चालली होती, एकमेकांना हाका मारत. आमच्या एमआयडीसीच्या रस्त्यावर सकाळी माणसं बोलत नाहीत, मान खाली घालून पायडल मारतात. इथल्या लोकांच्या तोंडावर पेन्शन दिसते, असं मी म्हटलं तर अंबूबाईला ते कळलं नाही आणि मला समजावून सांगवलं नाही.

मेळावा मोठ्या मांडवात. सत्काराची रांग स्टेजच्या मागून थेट पाण्याच्या टँकरपर्यंत. प्रत्येकाच्या हातात शाल नाही तर चादर, वर नारळ. दीड तास आम्ही त्या रांगेत होतो. मग माइकवरून ऐकू आलं, "सोलापूरहून खास आलेल्या भगिनी!" आणि अंबूबाई स्टेजवर चढली. मी खालून बघत होते. साहेबांनी वाकून चादर खांद्यावर घेतली, कापड बोटांनी चाचपलं, म्हणाले, "वा! अस्सल सोलापुरी!"

"साहेब, आत कागद हाय. माझ्या मालकांचं..."

"हो हो, नक्की, नक्की."

"ताई, इकडं बघा," फोटोवाला ओरडला. ती बघेपर्यंत माइकवर पुढचं नाव पुकारलं होतं.

पण ती उतरली तेव्हा तिचा चेहरा! सहा महिन्यांत तिला मी तशी बघितली नव्हती. "नक्की म्हणाले, अक्का. दोनदा म्हणाले."

आम्ही बाजाराकडं जाऊन बाजार आमटी खाल्ली. चार डाळींची, तिखट, वर तर्री. माझ्या माहेरी मी भाकरी आमटीत बुडवून खायची. इथं भाकरी पुरती चुरून, वर आमटी ओतून, बोटांनी कालवून खातात. नाकातून पाणी येईपर्यंत खाल्ली. अंबूबाईनं दोनदा आमटी मागून घेतली. मी किती आनंदात होते ते आठवलं की आज लाज वाटते.

संध्याकाळी घरी पोचल्यावर पीएला फोन केला. म्हटलं आठवण करून द्यावी, चादरीत कागद आहे.

"चादरीत?" तो म्हणाला. "अहो मॅडम, आज गाडीभर शाली-चादरी आल्यात. त्या कोण उघडतंय? उद्या लागतात त्या."

"लागतात म्हणजे?"

"उद्या अक्कलकोट रोडला कारखानदारांचा कार्यक्रम नाही का? साहेब त्यांचा सत्कार करणार. रोज नव्या कुठून आणायच्या?"

मी फोन धरून उभी राहिले. सत्काराची चादर उघडायची नसते, ती पुढं जायची असते, हे सोलापुरात शेंबड्या पोराला माहीत आहे. आमच्या शाळेत एकच शाल तीन गॅदरिंगना तीन पाहुण्यांच्या खांद्यावर पडलेली आहे, आणि ती कपाटात नीट घडी करून ठेवणारी मीच होते. आणि मी त्यात कागद ठेवला! पिन लावून ठेवला!

"तुम्ही उद्या लवकर या," पीए म्हणाला. "काढून देतो तुमची."

गुरुवार : अक्कलकोट रोड

या रस्त्यानं अंबूबाई रोज जाते. मी मात्र तीस वर्षं सोलापुरात राहून तिच्या शेडच्या इतकी जवळ पहिल्यांदाच आले. दारावर कापसाचा पांढरा थर, गटारात रंगाचं पाणी, आणि एरवी कान फुटतील असा खटखटाट. त्या दिवशी मात्र सगळं शांत होतं. साहेब येणार म्हणून माग बंद. बारा ते चार.

"बघा," अंबूबाई म्हणाली. "बंद ठेवता येत्यात की."

कार्यक्रम शेडच्या समोरच्या पटांगणात. पुढं सोफे, मागं खुर्च्या, त्यामागं कामगार उभे. त्यांच्यात व्यंकटेशही होता, आम्हाला बघून त्यानं मान हलवली. आईला सुट्टी घेऊन बाईंबरोबर हिंडताना बघून तो आधीच वैतागला होता. स्टेजच्या बाजूच्या टेबलावर चादरींची चळत होती. मी पीएला गाठलं. "आलोच, एक मिनिट," म्हणाला आणि त्याच वेळी गाड्या आल्या. साहेब अर्धा तास लवकर आले. जन्मात एकदा.

आम्ही मागच्या रांगेत बसलो. स्वागत, दीपप्रज्वलन. मग साहेबांच्या हस्ते सत्कार. संघटनेचे अध्यक्ष म्हणून पहिला मान अंबूबाईच्या शेठचा. पीएनं चळतीतली वरची चादर उचलली. माझ्या मनगटावर अंबूबाईची बोटं रुतली.

"अक्का. आपली."

"कशावरून?"

"निळा दोरा."

मी उठले. काय करणार होते, देव जाणे. ओरडणार होते बहुतेक. तिनं मला ओढून खाली बसवलं. "बसा. व्यंकटेश मागं उभा हाय."

साहेबांनी नरसप्पाची चादर शेठच्या खांद्यावर घातली. टाळ्या.

शेठ वाईट माणूस नाही, हे लिहिलं नाही तर माझ्याच जिवाला लागेल. नरसप्पाच्या मयताला तो शेवटपर्यंत पायी चालला होता. बारीक चणीचा, साधा शर्ट, हातावर अजून मागाच्या जुन्या खुणा. तो स्टेजवरच्या खुर्चीत जाऊन बसला आणि त्याचा हात खांद्याकडं गेला. पिन टोचली असणार. त्यानं चादर काढून मांडीवर घेतली, घडीत बोटं घातली.

आणि तेव्हाच साहेब भाषणाला उभे राहिले. काय बोलावं त्यांनी? "तापमानवाढ हे आज संपूर्ण जगापुढचं आव्हान आहे. या परिषदेत मी सोलापूरच्या उन्हाचा आवाज बनून जाणार आहे!" चांगलं बोलतात ते. आवाज भरदार. अमुक देश, तमुक देश, समुद्राची पातळी. मी वर्गात जे शिकवत होते तेच, आणि माझ्यापेक्षा बरं. त्यांच्यापासून दोन हातांवर शेठ माझं स्वच्छ अक्षरातलं पान वाचत होता. नरसप्पाचं नाव, शेडचा नंबर, स्वतःचं नाव. वाचून झाल्यावर त्यानं कागदाची चौकोनी घडी केली, शर्टच्या खिशात ठेवली आणि खुर्च्यांच्या मागं उभ्या असलेल्या कामगारांकडं बघितलं. एकेक तोंड बघत गेला. अंबूबाईवर नजर आली तेव्हा तिनं मान खाली घातली.

माझं डोकं फिरलं. भाषण संपलं तशी मी लोकांना ढकलत गाडीपर्यंत गेले. म्हटलं, आता काय राहिलंय गमवायला. साहेब थांबले. मी एका दमात सांगितलं : माणूस, शेड, ऊन, दाखला, तिथं फक्त नाव घ्या, दुपारी माग बंद ठेवायला सांगा. ते लक्ष देऊन ऐकत होते. डोळ्यांत बघून.

"मॅडम, फार महत्त्वाचा विषय आहे," ते म्हणाले. "पण ग्लोबल आहे हो. मी एकटा काय करणार? शेडचं म्हणाल तर ते कारखाना खात्याकडं जातं. तुम्ही असं करा, लेखी द्या."

"लेखी दिलं होतं. काल. तुमच्याच खांद्यावर."

"मग झालं तर!" ते हसले, हात जोडले आणि दार लागलं.

त्यांच्या गाड्या वळणावरून दिसेनाशा झाल्या आणि माझ्या मागं माग सुरू झाले. चार वाजायला अजून वेळ होता.

घरी

साहेब परिषदेला जाऊन आले. कोट घातलेला फोटो पेपरात आला, मागं बर्फ. तिथं त्यांनी कुणाचं नाव घेतलं नाही, हे वेगळं सांगायला नको. पण ते जायच्या आधीच आमच्यापुरता विषय संपला होता.

गुरुवारनंतर तिसऱ्या दिवशी शेठ अंबूबाईच्या घरी आला. एकटा. अंबूबाईनं मला हाक मारली. तो पलंगाच्या कडेवर बसला होता, चहा समोर तसाच. आवाज चढवला नाही त्यानं. चढवला असता तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं.

"बाई, तुम्ही शिकलेल्या आहात," तो मला म्हणाला. "हे जगापुढं वाचायचं होतं तुम्हाला? माझा माल परदेशात जातो. तिथले घेणारे आता विचारतात, शेडमध्ये कोण मेलं का, कशानं मेलं. हा कागद त्यांच्या हाती पडला तर माल बंद. शेड बंद. मग दुपारच काय, सकाळपण बंद. या बाईनं कुठं जायचं, व्यंकटेशनं कुठं जायचं?"

"मग दुपारी माग बंद ठेवा," मी म्हणाले. "कागदाची गरजच नाही."

"मी एकट्यानं ठेवले तर शेजारचा ठेवतो का? माझा टॉवेल महाग, त्याचा स्वस्त. जगाचं तुम्हाला कळतं, हे कळत नाही का?"

त्याचं म्हणणं आणि साहेबांचं म्हणणं एकच होतं, मी एकटा काय करणार. नरसप्पाही एकटाच होता, पण तो काही म्हणाला नव्हता.

शेठनं खिशातून टाइप केलेला कागद काढला आणि माझ्यासमोर धरला. "तुम्हीच वाचून दाखवा तिला. मागाहून कुणी म्हणायला नको, न वाचता घेतलं."

व्यंकटेश दाराला टेकून उभा होता. आईकडं बघत नव्हता. मी वाचलं. माझे पती नरसप्पा हृदयविकारानं वारले. दाखल्यात लिहिलेलं कारण मला मान्य आहे. खासदारांना दिलेलं निवेदन गैरसमजातून लिहिलं गेलं, ते मागं घेत आहे. शेडमधील उष्णतेबद्दल माझी किंवा माझ्या कुटुंबाची तक्रार नाही आणि पुढंही राहणार नाही.

"पुढंही म्हणजे, अक्का?" अंबूबाईनं विचारलं.

"म्हणजे यापुढं कधीच."

"येत्या उन्हाळ्यात पण?"

"येत्या उन्हाळ्यात पण."

तिनं व्यंकटेशकडं बघितलं. मग शेठकडं. "आणि याला काय झालं तर?"

शेठ पेनचं टोपण काढत होता. व्यंकटेश म्हणाला, "आई, कर की सही. उशीर होतोय कामाला."

तिनं सही केली. हळू, एकेक अक्षर. मग शेठनं कागद माझ्याकडं सरकवला आणि खालच्या रेघेवर बोट ठेवलं. तिथं लिहिलं होतं, साक्षीदार. अंबूबाई माझ्याकडं बघत होती, आणि मी नाही म्हणावं की करावी, हे तिच्या तोंडावर कुठंच दिसत नव्हतं. व्यंकटेश चपला घालून अंगणात उभा होता.

मी सही केली, आणि खाली तारीख घातली.